ग्यारसीबाईंची वाटणी

आमचं क्वार्टर बनी पार्कच्या मागच्या अंगाला, रेल्वेच्या यार्डाला लागून होतं. दोन खोल्या, पुढे जाळीचा व्हरांडा आणि मागे शेवग्याचं झाड. यार्डात डबे जोडताना असा धडाका व्हायचा की मांडणीवरची भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आमच्या कानांना ते कळायचंही नाही. बाबा मालगाडीवर गार्ड होते. ड्युटीवरून आले की पेटी दाराशी ठेवायची, हातपाय धुवायचे आणि चहा होईपर्यंत जर्नल पुरं करायचं, हा त्यांचा नेम. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता आली, किती मिनिटं थांबली, का थांबली, सगळं त्यात असायचं. ती सवय घरातही उतरली होती. मला ताप आला तर कपाळाला हात लावायच्या आधी ते विचारायचे, "किती वाजता चढला?"

आई अकोल्याकडची. जयपुरात ज्वारी मिळायची, पण "या ज्वारीले चवच नाही बाप्पा," म्हणत ती बाजरीवर आली होती. चटणी मात्र जवसाचीच लागायची. गावाहून येताना जवस आणि लाल मिरच्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली घालून आणायची, आणि मग महिनाभर आमच्या शाळेच्या गणवेशाला मिरचीचा वास यायचा. घरात वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी. मराठी वाचायला मला कोणी शिकवलं नाही. अक्षरं तीच म्हणून हिंदीवरून वाचू लागले. इतकी वर्षं लिहितेय, तरी वाक्याच्या मध्ये 'मतलब' येऊन बसतो आणि मला तो खोडावा लागतो. माझी नात गोपालपुऱ्याला कोचिंगला जाते. तिला हे प्रकरण वाचून दाखवताना तिने पहिल्याच पानावर थांबवून विचारलं, "आजी, मांडणी मतलब?" मी खोडणं सोडून दिलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मला समाजशास्त्र शिकवायला सबनीस मॅडम होत्या. पुण्याच्या. जयपुरात पंधरा वर्षं काढूनही त्यांची मराठी इस्त्री केलेल्या साडीसारखी होती, आणि माझी वऱ्हाडी ऐकून त्या हसल्या नाहीत म्हणून मी त्यांच्यावर जीव टाकत असे. नदीकाठी राहणाऱ्या लोकांच्या चालीरीती, गाणी, खाणं, सण यांची नोंद करण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. त्यांना तिथली बोली, ढूंढाडी, कळत नव्हती. मला कळत होती; आमच्या यार्डात राबणाऱ्या खलाशी कामगारांच्या बायका तीच बोलायच्या. एक दिवस तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "सुजाता, रविवारी बनासवर येशील का माझ्याबरोबर? डबा घे. आणि वही घे, मोठी."

टोंक रोडची बस चाकसूला अर्धा तास थांबायची. तिथून पुढे नदीच्या अलीकडे उतरायचं आणि मैलभर चालायचं. मी त्याआधी वाहती नदी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिली होती. बनास हिवाळ्यात आटते, पात्रभर पांढरी वाळू उघडी पडते आणि एका कडेने पाणी वाहत राहतं. त्या वाळूत कीर जातीच्या लोकांची शेतं होती. दिवाळी झाली की सगळी घरं काठावरचं गाव सोडून पात्रात उतरायची, उंच गवताच्या झोपड्या बांधायची, आणि पुढचे सात महिने तिथेच. वाळूत कमरेइतका चर खणायचा. ओल लागली की थांबायचं, शेणखत घालायचं, त्यात खरबूज, काकडी, टरबूज. बी आधी भिजवून फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवायचं म्हणजे थंडीतही मोड येतात. वाऱ्याने वाळू रोपांवर चढू नये म्हणून प्रत्येक चराच्या कडेला गवताच्या काड्यांची आडोशाची रांग. दुरून बघितलं तर नदीत कोणीतरी फणी फिरवल्यासारखं दिसायचं. दिवसभर फावड्यांचा मऊ, दबका आवाज. वाळूत लोखंड शिरतं तेव्हा खणखणत नाही, सुस्कारतं.

त्या वस्तीतलं मोठं माणूस म्हणजे ग्यारसीबाई. सत्तरीच्या, कृश, हातात चांदीची जाड कडी, डोळे मोतीबिंदूने जरा निळसर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "थे कुण जात?" बाबांनी आम्हा भावंडांना एक गोष्ट पक्की शिकवली होती, की विचारलं तर खरं सांगायचं आणि मान खाली घालायची नाही. मी सांगितलं, "बौद्ध." त्यांना तो शब्द माहीत नव्हता, पण माझ्या सांगण्यावरून काय ते त्या समजल्या. त्या दिवशी मला पाणी वरून ओंजळीत मिळालं, मॅडमना लोट्यात. मॅडमनी ते पाहिलं आणि वहीत टिपून घेतलं. त्या माझ्याशी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला माझ्या डब्यातली जवसाची चटणी ग्यारसीबाईंनी बोटाने उचलून चाखली, बराच वेळ तोंडात घोळवली आणि म्हणाल्या, "बळै छै, पण आच्छी छै." झोंबते, पण चांगली आहे. त्यानंतर आई मुद्दाम जास्त चटणी देऊ लागली.

मॅडम टेपरेकॉर्डर घेऊन बायकांची गाणी भरायच्या. मी ती ऐकून वहीत उतरवायची. खणायची गाणी, पहिलं फळ नदीत सोडायची गाणी, पाणी चढायला लागलं की झोपड्या मोडताना म्हणायची गाणी. एक गाणं ग्यारसीबाई एकट्याच म्हणायच्या. त्याची चाल गाण्यापेक्षा हाक मारल्यासारखी होती: जिचं वाहून गेलं ती आधी ये, दहाकाठी, डोहाच्या काठी, बस, जिची टोपली भरली ती मागे सर, काठाला लाग. मी ते 'गीते' या भागात बेचाळिसावं म्हणून लिहिलं आणि खाली कंसात 'अर्थ अस्पष्ट' असं लिहिलं. मला त्या वेळी स्वतःच्या अक्षराचा फार अभिमान होता.

माघात मॅडम म्हणाल्या, "आता शेतांचा नकाशा हवा. कोणाचं शेत कुठे." हे काम मला फार आवडलं. रामधन नावाचा तिशीतला माणूस होता, आठवीपर्यंत शिकलेला, वस्तीतला लिहिता-वाचता येणारा तो एकटाच. तो दोराचं टोक धरायचा, मी पावलं मोजायची. बावीस शेतं. सगळ्यांत चांगलं शेत दहाच्या कडेचं होतं. दह म्हणजे पात्रातला खोल डोह. त्याच्या काठची ओल उन्हाळ्यापर्यंत टिकते, वेली जळत नाहीत. त्या वर्षी ते रामधनकडे होतं. घरी मी रंगीत पेन्सिलींनी पक्का नकाशा केला, पाणी निळं, शेतं पिवळी, प्रत्येकात मालकाचं आणि त्याच्या बापाचं नाव. वर काय लिहू, असं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "परंपरागत वाटप, असं लिही." मी तसं लिहिलं, हिंदीत, ठळक. रामधनने अजिजीने एक प्रत मागितली. मी आनंदाने दुसरी प्रत काढली, खाली कॉलेजचं नाव घातलं, सही केली आणि त्याला दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

पावसाळा आला, बनासला पूर आला आणि शेतं गेली, दरवर्षी जातात तशी. मी दुसऱ्या वर्षाला गेले. मॅडमचा अहवाल छापायला गेला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, एक खलाशी दोन बायकांना घेऊन आमच्या दारात आला. "गार्डसाब, ये आपका घर पूछ रही थीं। मराठी गार्ड, मराठी गार्ड बोल रही थीं।" ग्यारसीबाई होत्या, आणि त्यांच्याबरोबर केसर, तिशीच्या आतली, अंगावर विधवेची काळपट ओढणी. तिचा नवरा उन्हाळ्यात साप चावून गेला होता. त्या दोघी पहाटेच्या बसने येऊन स्टेशनवर तासभर विचारत फिरल्या होत्या. आईने त्यांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं आणि पाणी आणलं, पितळी लोट्यात. ग्यारसीबाई लोट्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. मग तो तोंडाला लावून सगळं प्यायल्या. त्या तहानलेल्या होत्या. मला वाटतं, त्यापलीकडे त्यात काही शोधू नये.

मग त्यांनी सांगितलं. पाणी उतरल्यावर त्या नेहमीप्रमाणे काठाच्या उंचवट्यावर उभ्या राहिल्या आणि वाटणी करू लागल्या. दर वर्षी नदी कूस बदलते, दह सरकतो, म्हणून दर वर्षी वाटणी नवी. गेल्या उन्हाळ्यात नवरा गेल्यावर केसरचा मळा वाळून गेला होता; यंदा दहाचं शेत तिचं. नाव घेताच रामधन पुढे आला आणि त्याने माझा कागद काढला. कॉलेजचा कागद. यात लिहिलंय, दहाकाठचं शेत रामधनचं, परंपरागत. तो पटवाऱ्याकडेही जाऊन आला होता. चार-पाच घरं त्याच्या बाजूची झाली, कारण कागदात त्यांचीही शेतं चांगली होती. वाटणी थांबली होती. बियांना मोड आले होते आणि फावडं कोणी लावत नव्हतं.

"थारो कागद झूठो कोनै," ग्यारसीबाई मला म्हणाल्या, "पण एक बरस को छै." तुझा कागद खोटा नाही, पण एका वर्षाचा आहे.

मी आतून माझी मूळ प्रत आणली. बाबा रात्रीची ड्युटी करून आलेले, अजून गणवेशातच होते. त्यांनी चष्मा लावला, नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "झकास काढला. पण यावर तारीख काऊन नाही?"

नकाशा बाबांनी माझ्या हातात दिला आणि ते अंघोळीला गेले. त्यांनी रागवायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

मी तशीच सायकल काढून मॅडमच्या घरी गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण तू तिथे जाऊ नकोस, सुजाता. आपण नोंद करणारी माणसं. त्यांच्या भांडणात आपण बोललो की ती नोंद राहत नाही."

"पण मॅडम, माझा कागद तिथे बोलतोच आहे."

"प्रत द्यायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मग त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, "अहवाल छापखान्यात आहे. त्यात तोच नकाशा आहे, त्याच नावाने. तू उद्या पंचांसमोर म्हणालीस की ते एका वर्षाचं होतं, तर माझ्या दीड वर्षाच्या कामाचं काय? विचार कर." तेव्हा त्यांचं जे वय होतं त्याहून आज माझं वय जास्त आहे, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. नोंद करणाऱ्याने मध्ये पडू नये, हे मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलंही. पण त्या दिवशी त्यांना नोंदीपेक्षा अहवालाची काळजी होती, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण मी उठले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आले तर आई आणि त्या दोघी भाकरी खात होत्या. मी आईला मॅडमचं म्हणणं सांगितलं. आईने हातातला घास खाली ठेवला. "तुह्या मॅडमचं मले काही समजत नाही. कागद तुह्या हातचा हाय, तं तुलेच जा लागन. मी येतो संगं." वऱ्हाडात बाया 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, कॉलेजात मला त्याची लाज वाटायची. त्या दिवशी तो शब्द मला भिंतीसारखा आधाराचा वाटला.

दुपारच्या बसने आम्ही चौघी निघालो. बसमध्ये मी गाण्यांची वही चाळत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. चाकसूच्या पुढे बेचाळिसाव्या गाण्यावर बोट थांबलं. जिचं वाहून गेलं ती आधी ये, दहाकाठी बस. मी ते तीनदा वाचलं. अर्थ अजिबात अस्पष्ट नव्हता. मी ज्याला गाणं म्हणून वेगळ्या भागात टाकलं होतं, तीच त्यांची वाटणीची रीत होती.

पात्रात उतरलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. वस्ती काठाखाली जमली. पुरुष एका बाजूला उकिडवे, बायका घुंगटात मागे. माझी आई नऊवारी नेसून त्यांच्यात जाऊन बसली, जणू रोजचीच. रामधनने कागद घडीतून काढून माझ्यापुढे धरला. घड्यांवर तो झिजला होता. "बाईजी, ये आपने लिखा है?"

"हो. हाँ, मैंने लिखा।"

"सही लिखा?"

"सही लिखा। पर वो पिछले साल का है।"

"साल कहाँ लिखा है?" त्याचा आवाज चढला नाही. खरोखर विचारत होता. "परंपरागत लिखा है। मैंने मास्टरजी से मतलब पूछा। उन्होंने कहा, जो हमेशा से चला आया।"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, साल लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ती चूक माझी. जे हमेशा से चालत आलंय ते मी दुसऱ्या जागी लिहून ठेवलंय. मग वही उघडून मी ते गाणं वाचलं. चाल मला येत नव्हती. दुसऱ्या ओळीला मागच्या एका म्हातारीने चाल धरली, मग दोघी-तिघींनी. वाचायची गरज राहिली नाही. रामधन वाळूकडे पाहत बसला होता. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "बारा बरस में एक बार दह मिला मुझे। एक बार।" त्याला चार मुली होत्या. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. ज्या बाईच्या बाजूने मी आले होते तिच्याइतकीच गरज त्यालाही होती, आणि आशा त्याला मीच दिली होती.

पंचांतला एकजण म्हणाला, कागद फाडून टाका. रामधनने तो पटकन छातीशी धरला. "फाड़ूँगा नहीं। इसमें बापू का नाम है।" मग मला कळलं की त्याच्या बापाचं नाव लिहिलेला दुसरा कुठलाही कागद जगात नव्हता, नदीच्या पात्रातल्या जमिनीचे कागद नसतातच. मी पेन काढलं. त्याने कागद माझ्या गुडघ्यावर पसरला. 'परंपरागत' हा शब्द मी खोडला, वर गेल्या वर्षाचा आकडा घातला, सही केली आणि त्याचा कागद त्याला परत दिला. त्याने घडी घातली आणि निघून गेला. ग्यारसीबाई उंचवट्यावर चढल्या आणि जिथे वाटणी थांबली होती तिथून पुन्हा सुरू केली.

पंधरा-वीस दिवसांनी सबनीस मॅडम आमच्या क्वार्टरला आल्या. त्याआधी त्या कधी आमच्या घरी आल्या नव्हत्या. यार्डात धडाका झाला तशा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, मग बसल्या. आईने चहा दिला. त्या म्हणाल्या, "अहवाल छापखान्यातून परत मागवलाय. नकाशा काढून टाकला आणि ते बेचाळिसावं गाणं वाटपाच्या प्रकरणात घेतलं. अर्थाची टीप तू लिहायचीस." माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस ना? यंदाची वाटणी अजून उतरवलेली नाही."

त्यानंतर मी दर हिवाळ्याला जात राहिले, आधी मॅडमबरोबर, त्या निवृत्त झाल्यावर एकटी. रामधन दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या मोठ्या मुलीने दोर धरला. एका दिवाळीनंतर गेले तर ग्यारसीबाई त्या पावसाळ्यात वारल्याचं कळलं. वस्ती काठाखाली जमली होती आणि वाटणी आता कोणी करायची ते ठरलं नव्हतं. मग केसर उठली, ओढणी सावरत उंचवट्यावर चढली आणि पात्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मागच्या उन्हाळ्यात अवेळी पाणी चढून खालच्या अंगाची तीन शेतं बुडाली होती. तिने गळा साफ केला आणि पहिलं नाव घेतलं. ते रामधनचं होतं.